‘काही करत नाही हो तो!’

मुंबईतल्या दोन खटल्यांची ही हकीकत आहे. पहिली घटना मे २०१० मधली, नेपियन सी रोडवरची. मालमत्तेच्या वादावरून दोघांची भर रस्त्यात बाचाबाची चालली होती. शेजारी उभ्या गाडीत एकाचा रॉटवायलर होता आणि तो बाहेर यायला धडपडत होता. समोरचे बहात्तर वर्षांचे गृहस्थ म्हणाले, दार उघडू नकोस. दार उघडलं गेलं. कुत्रा थेट त्यांच्या अंगावर गेला आणि पायाला नि दंडाला मिळून तीनदा चावला. खटला रेंगाळत रेंगाळत जानेवारी २०२३ पर्यंत पोचला, तेव्हा गिरगावच्या महानगर दंडाधिकाऱ्यांनी मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली.

दुसरी घटना फेब्रुवारी २०१८ मधली, वरळीच्या एका इमारतीतली. लिफ्टमध्ये एक गृहस्थ, त्यांचं दीड वर्षांचं मूल आणि घरकामाला असलेला माणूस. मधल्या मजल्यावर दार उघडलं तर समोर हस्की आणि त्याचा मालक. मूल कुत्र्याला घाबरतं, जरा थांबता का, असं गृहस्थांनी विचारलं. मालक थांबला नाही. त्याने कुत्र्याला ओढत आत घेतलं आणि कुत्रा त्या गृहस्थांच्या हाताला चावला. मे २०२५ मध्ये मालकाला चार महिन्यांची शिक्षा झाली. सीसीटीव्हीतलं चित्रण पाहून न्यायालयाने आणखी एक गोष्ट निकालात नोंदवली : त्या कुत्र्यालाही निर्दयपणे फरपटत आणलं होतं.

गाडीचं दार उघडणारा हात माणसाचा, पट्टा ओढणाराही माणसाचाच. दोन्ही वेळा समोरच्याने आधी सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा कुत्र्यानेही त्याच्या परीने सांगितलं होतं. एक गाडीत धडपडत होता, दुसऱ्याला ओढावं लागत होतं. तरीही पाळीव कुत्रा चावला की सोसायटीच्या बैठकीत चर्चा होते ती जातीची. ‘ती जातच तसली!’ म्हणून विषय मिटतो.

जातीचा मुद्दा अगदीच पोकळ आहे असं नाही. लखनौमध्ये जुलै २०२२ मध्ये ८२ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेचा घरच्याच पिटबुलने जीव घेतला. पामेरियनच्या हातून असं होणं जवळजवळ अशक्य. जबडा मोठा असला की चूकही महागात पडते, एवढं मान्य करायलाच हवं. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर, केन कॉर्सो, तोसा इनू अशा २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं होतं. संबंधितांचं म्हणणं ऐकून न घेता ते काढल्याचा ठपका ठेवून कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात ते रद्द केलं.

पण कुत्रा चावेल की नाही, हे त्याच्या जातीवरून ओळखता येतं का? ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२२ साली एक मोठा अभ्यास आला. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या आणि दोन हजारांवर कुत्र्यांचे जनुक तपासले होते. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, यात जातीचा वाटा निघाला जेमतेम नऊ टक्के. त्याच्या आदल्या वर्षी हेलसिंकी विद्यापीठाने नऊ हजारांहून अधिक जातिवंत कुत्र्यांची पाहणी केली. तिथे आक्रमकतेशी सगळ्यात घट्ट नातं दिसलं ते भित्रेपणाचं. वय झालेले, नर, लहान चणीचे आणि मालकाच्या आयुष्यातला पहिलाच कुत्रा असलेले, यांच्यातही प्रमाण जास्त होतं. माणसांवर गुरगुरणाऱ्या जातींत वरच्या बाजूला कोण, तर रफ कोली. सिनेमातल्या लॅसीची जात! लहान कुत्रा दात दाखवतो तेव्हा घरचे हसतात, मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढतात. पोलिसांत कुणी जात नाही, म्हणून तो आकड्यांतही येत नाही.

भित्रेपणाची ही गोष्ट मनात ठेवली की पुढचं बरंचसं कोडं सुटतं. बहुतेक पाळीव कुत्री चावतात ती समोरचं काहीतरी दूर जावं म्हणून.

रविवारची दुपार. दिवाणावर लॅब्रॅडॉर पडलाय. पाहुणी आलेली पाच वर्षांची भाची त्याच्या गळ्यात दोन्ही हात टाकते, गालाला गाल लावते. ‘किती गोड!’ म्हणत घरातले फोटो काढतात. आता तोच फोटो मोठा करून कुत्र्याकडे पाहावं. तोंड घट्ट मिटलेलं. मान मुलीपासून दुसरीकडे वळलेली. डोळा मात्र तिच्यावर, त्यामुळे कोपऱ्यात पांढरी कोर दिसते आहे. कान मागे गेलेत. आधीच्या फोटोत त्याने जिभेने नाक चाटलंय, त्याआधीच्यात जांभई दिली आहे, झोप आलेली नसताना. माणसाच्या मुलीला मिठी म्हणजे माया. कुत्र्याच्या अंगाला ती अडकवून ठेवल्यासारखी लागते. फोटो काढणाऱ्यांपैकी कुणीही त्याच्या तोंडाकडे पाहिलेलं नसतं.

केंडल शेफर्ड या ब्रिटिश पशुवैद्यक बाईंनी या खुणांची एक शिडीच मांडली आहे. खालच्या पायऱ्यांवर जांभई, डोळे मिचकावणं, नाक चाटणं. मग मान वळवणं, अंग वळवणं, उठून निघून जाणं. मग अंग चोरणं, शेपूट पायांत घालणं. त्यावर ताठरणं आणि रोखून पाहणं. गुरगुरणं येतं ते पार वर, त्याच्यावर हवेत दात मारणं आणि शेवटी चावा. खालच्या पायऱ्यांवर ऐकणारं कुणी नसलं की कुत्रा वर चढतो. पुष्कळदा चढून दमल्यावर तो मधल्या पायऱ्या गाळायलाही शिकतो, कारण त्यांचा उपयोग होत नाही हे त्याला कळलेलं असतं. शेपटीचंही तसंच. हलणारी शेपूट म्हणजे खूश कुत्रा, हे अर्धंच खरं. उंच, ताठ, बारीक थरथरणारी शेपूट घेऊन उभा असलेला कुत्रा खेळायला आलेला नसतो.

मग गुरगुरल्यावर काय करायचं? इथे अनेक घरांत, आणि अनेक ट्रेनरांच्या तोंडीही, एकच उत्तर असतं : मालक कोण ते त्याला एकदा दाखवून द्या. मानगूट धरा, उताणा पाडा, डोळ्यांत डोळे घालून दाबा. कुत्रा म्हणजे घरातला लांडगा, आणि कळपाचा म्होरक्या होण्याची त्याची धडपड चालू असते, असा या सल्ल्यामागचा समज.

या समजाची वंशावळ मजेदार आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात लांडग्यांचं निरीक्षण केलं आणि १९४७ साली त्यांचा प्रबंध आला. एका कुंपणात कोंडलेल्या त्या लांडग्यांत भांडणं होत, वरचढपणा ठरे. डेव्हिड मेक या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७० च्या आपल्या पुस्तकात ही कल्पना पुढे नेली, पुस्तक गाजलं आणि ‘अल्फा’ हा शब्द घरोघर गेला. पुढे १९८६ पासून मेक कॅनडाच्या उत्तर टोकाजवळच्या एल्समिअर बेटावर उन्हाळ्याउन्हाळ्यात रानटी लांडग्यांच्या जवळ राहिले. त्यांना दिसलं ते अगदीच घरगुती : कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं. आईबापांनी पोरांवर हुकमत मिळवायला लढाई केलेली नसते. १९९९ साली मेक यांनी तसं लिहिलं, आणि आपलंच जुनं पुस्तक छापणं बंद करा म्हणून प्रकाशकाच्या मागेही लागले. शास्त्रज्ञाने कल्पना सोडली. गल्लीतल्या ट्रेनरने अजून सोडलेली नाही.

या दमदाटीचं फळ काय, हेही मोजून झालंय. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात वागणुकीच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० मालकांना, कोणत्या उपायानंतर कुत्रा उलटला, असं विचारलं गेलं. २००९ साली निष्कर्ष छापून आले. मारलं किंवा लाथ घातली, तिथे ४३ टक्के कुत्री उलटली. तोंडातली वस्तू बळजबरीने काढली, तिथे ३९ टक्के. उताणं पाडून दाबलं, तिथे ३१ टक्के. नुसतं डोळे वटारून पाहिलं, तरी ३० टक्के. पशुवर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यकांच्या संघटनेनेही अशा पद्धतींविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली आहे.

आणि जो कुत्रा उलटत नाही, मार खाऊन गप्प बसतो, त्याचं काय? मालकाला वाटतं, सुधारला. खरं तर त्याची भीती होती तिथेच असते, फक्त गुरगुरलं की मार बसतो एवढं त्याला समजलेलं असतं. पुढच्या वेळी तो आवाज न करता चावतो. ‘अचानक चावला हो, काहीच केलं नव्हतं’ असं सांगणाऱ्या घरांत जरा खोदून विचारलं, तर पूर्वी गुरगुरल्याबद्दल रट्टे खाल्लेले अनेकदा निघतात.

अचानक चावण्याचं आणखी एक कारण शरीरात असतं. गेली अनेक वर्षं शहाणा असलेला कुत्रा पाठीला हात लावताच दात दाखवू लागला, तर ट्रेनरच्या आधी व्हेटला फोन करावा. दुखरा सांधा, कानातला संसर्ग, किडलेला दात, मणक्याचा त्रास, यातलं काहीही असू शकतं. लिंकन विद्यापीठाच्या डॅनिअल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली वागणुकीच्या तक्रारींचा आढावा घेतला, तेव्हा अगदी हात राखून धरलं तरी एक तृतीयांश कुत्र्यांच्या मुळाशी कुठलं तरी दुखणं निघालं.

ताणही साचत जातो. गणपतीत सकाळपासून ढोल-ताशे वाजताहेत, घरात पाहुण्यांची वर्दळ, रोजचं फिरणं चुकलंय, झोपेची जागा बदललीय. त्यात कुणाचा तरी शेपटीवर पाय पडतो. एरवी नुसता दचकला असता, तो आज चावतो. दिवाळीतही तेच. अशा दिवसांत कुत्र्याला आतल्या खोलीत, पंखा किंवा टीव्हीच्या आवाजात, पाणी आणि चघळायला काहीतरी देऊन शांत ठेवणं हे लाड नव्हेत, खबरदारी आहे.

खबरदारी हाच उपचाराचा पहिला भाग असतो, आणि लोकांना तोच कमीपणाचा वाटतो. आपला कुत्रा लिफ्टमध्ये बिथरत असेल तर जिना घ्यावा. दहाव्या मजल्यावर राहत असाल तर लिफ्ट रिकामी येईपर्यंत थांबावं. बेल वाजली की तो दाराकडे झेपावत असेल तर आधी त्याला खोलीत घालून मग दार उघडावं. सेफ्टी डोअरच्या भरवशावर राहू नये, कारण पार्सल घेताना तेही उघडावंच लागतं. हैदराबादच्या बंजारा हिल्समध्ये जानेवारी २०२३ मध्ये खाद्यपदार्थ पोचवायला आलेला एक तरुण अंगावर आलेल्या जर्मन शेफर्डपासून पळताना तिसऱ्या मजल्यावरून पडला आणि दगावला. अंगावर धावून जाणंही पुरे होतं, दात लागायची गरज नसते.

सवयी बदलण्याचं काम खबरदारीनंतरचं. त्यात कुत्र्याचं मत बदलायचं असतं, नुसतं वागणं दाबायचं नसतं. जेवताना भांड्याजवळ कुणी आलं की गुरगुरणारा कुत्रा घेऊ. जुना उपाय म्हणजे भांड्यात हात घालणं, मधूनच भांडं काढून घेणं, ‘सवय व्हावी’ म्हणून. कुत्र्याला त्यातून एवढंच कळतं की हा माणूस खरंच जेवण पळवतो. त्याऐवजी तो जेवत असताना, तो निवांत राहील इतक्या लांबून चालत जावं आणि जाता जाता भांड्याच्या दिशेने उकडलेल्या चिकनचा तुकडा टाकावा. शाकाहारी घरात पनीर चालतं. थांबायचं नाही, बोलायचं नाही. काही दिवसांनी माणूस दिसताच कुत्रा भांड्यातून मान वर काढून शेपूट सैल हलवू लागतो : आला, आता काहीतरी चांगलं पडणार. मग अंतर पाऊलभर कमी करावं. तोंडात चप्पल किंवा मोजा धरून बसला तरी हीच रीत. ओढाओढ न करता जास्त चवदार काहीतरी पुढे करून अदलाबदल करावी. घरातल्या लहान मुलांना मात्र या कामापासून लांबच ठेवावं.

रस्त्यावर दुसरं कुत्रं दिसताच झेपावणाऱ्यांसाठीही सूत्र अंतराचंच. प्रत्येक कुत्र्याची एक रेघ असते. तिच्या पलीकडे समोरचं कुत्रं दिसलं तर तो पाहतो, पण मालकाची हाक त्याला ऐकू येते. अलीकडे आलं की कान बंद. शिकवणी चालते ती फक्त रेघेपलीकडे. समोरचं कुत्रं दिसलं की खाऊ, दिसेनासं झालं की खाऊ बंद. आपल्याकडची खरी अडचण ही की गल्लीतली मोकाट कुत्री कुणाची रेघ पाळत नाहीत. म्हणून फिरायची वेळ बदलावी, पहाटेची किंवा रात्री उशिराची निवडावी, वळणावर आधी आपण डोकवावं, आणि टोळी दिसली तर सरळ माघारी फिरावं.

मुसक्याबद्दल आपल्याकडे उगाच लाज आहे. मळणीच्या बैलाला मुसकं घालण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, कुत्र्याच्या तोंडाला जाळी दिसली की मात्र लोक मालकाकडे संशयाने पाहतात. जाळी टोपलीसारखी हवी, आत तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल एवढी ऐसपैस. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो. तोंड घट्ट आवळणारी कापडी पट्टी मे महिन्याच्या उन्हात त्याच्या जिवावर बेतू शकते. आणि जाळी सरळ तोंडावर चढवायची नाही. तिच्या आतल्या बाजूला दही लावून चाटू द्यावं, मग क्षणभर, मग मिनिटभर, असं काही आठवडे करत न्यावं, म्हणजे जाळी दिसली की कुत्रा आपणहून नाक घालतो.

साखळी हा त्याहून नाजूक विषय. बंगल्याच्या फाटकाशी, शेतावर, गोदामात दिवसभर बांधलेला कुत्रा राखणीला चांगला, असं म्हणतात. त्याला पळून जायची सोय नसते, म्हणून जवळ येणाऱ्या प्रत्येकाला दात दाखवण्याशिवाय त्याच्याकडे काही उरत नाही. १९६० च्या प्राण्यांशी क्रूरतेने वागण्याविरुद्धच्या कायद्यात, कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही तर तो गुन्हा, असं कलमच आहे. आपल्या राज्यातल्या किती फाटकांना ते लागू पडेल, विचारू नये.

पुष्कळसं नुकसान मात्र कुत्रा घरी येण्याआधीच झालेलं असतं. पिल्लू साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत जगाची ओळख करून घेतं, हे स्कॉट आणि फुलर या अमेरिकी संशोधकांनी १९६५ च्या त्यांच्या पुस्तकात सविस्तर दाखवलं. या काळात पाहिलेली माणसं, मुलं, आवाज, वाहनं त्याला पुढे सहसा ओळखीची वाटतात. न पाहिलेली परकी. आणि आपल्याकडे पिल्लू महिन्याचं असतानाच आईपासून तोडून विकलं जातं, ‘लहानपणी आणलं की लळा लागतो’ म्हणून. भावंडांशी खेळताना जोरात चावलं की खेळ थांबतो, हा धडा त्याच वयातला, आणि तो बुडतो. २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. घेणाऱ्याने ब्रीडरला नुसतं आईला पाहू द्या म्हटलं, तरी पुष्कळ कळतं. पिल्लाची आई कोपऱ्यात अंग चोरून बसली असेल, तर दुसरीकडे पाहावं.

नसबंदीने कुत्रा शांत होतो, हा सल्ला सरसकट खरा नाही. बाहेर भटकणं, माद्यांमागे जाणं कमी होतं; भीतीपोटी येणारी आक्रमकता त्याने जाईलच असं नाही, म्हणून व्हेटशी बोलून ठरवावं. औषधांबद्दलही गैरसमज आहेत. फ्लुओक्सेटिनसारखी औषधं व्हेट देतात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि सोबत शिकवणी चालू नसेल तर नुसत्या गोळीने फारसं साधत नाही. माणसाची उरलेली झोपेची गोळी कुत्र्याला देण्याचा प्रकार तर धोक्याचाच. सुस्तावलेला, गोंधळलेला कुत्राही चावतो.

एवढं करूनही चावा झालाच, तर कुत्र्याच्या आधी माणसाकडे पाहावं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी. हळद, चुना, मिरची काही लावू नये. कुत्रा घरचा आहे, लस दिलेली आहे, म्हणून डॉक्टरकडे जाणं टाळू नये. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. रक्त आलं असेल तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, आणि लशीचे सगळे डोस ठरल्या तारखांना पुरे करावे लागतात. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची ती वेगळी. कायद्याची बाजूही आहे : भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार प्राण्याबाबत हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पुढे काय, हे ठरवताना जाणकार माणूस पहिला प्रश्न विचारतो तो चाव्याच्या खोलीचा. इयन डनबार या पशुवैद्यकाने त्याच्या सहा पातळ्या केल्या आहेत. पहिल्या दोन पातळ्यांत दात कातडीत शिरलेले नसतात. कुत्र्याने स्वतःला आवरलेलं असतं आणि त्याच्याबरोबर काम करायला बराच वाव असतो. तिसऱ्यात उथळ भोकं. चौथीत दात अर्ध्याहून खोल गेलेले, धरून झटके दिलेले. पाचवीत असे अनेक चावे, आणि सहावीत मृत्यू. चौथीपासून पुढे, विशेषतः घरात रांगतं मूल किंवा काठी टेकत चालणारी आजी असेल, तर ‘जरा शिकवू या’ पुरत नाही. मुलं नसलेल्या, अनुभवी घरात कुत्र्याला हलवता येईल का, आयुष्यभर जाळी आणि दोन दारं पाळणं या कुटुंबाला झेपेल का, आणि यातलं काहीच शक्य नसेल तर त्याला वेदनेविना झोपवणं बरं का, हे प्रश्न व्हेटसमोर बसून स्वच्छ बोलावे लागतात. दुसऱ्याकडे देताना आधीच्या चाव्यांची माहिती लपवली जाते, हे सर्रास चालतं, आणि पुढच्या घरातला माणूस मग कशाचीच कल्पना नसताना त्या भांड्याजवळ हात नेतो.